त्याला काय कळणार?

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली, की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलांना घेऊन जायचं कुठं? देवदर्शन होतं, समुद्र होतो, वॉटर पार्क होतो, मॉलही होतो. वस्तुसंग्रहालयाचं नाव मात्र फार कमी घरांत निघतं. चुकून कुणी काढलंच, तर उत्तर तयार असतं, "एवढंसं पोर ते, त्याला काय कळणार चित्रातलं?"

मैत्रिणींनो, हे वाक्य मला फार खटकतं. कारण ते एकट्या मुलाबद्दल नसतं. त्याच्या मागे आणखी एक वाक्य दडलेलं असतं, "आणि मला तरी काय कळतंय?" चित्रं, शिल्पं हे मोठ्या शहरातल्या, शिकल्यासवरलेल्या लोकांचं काम, आपण तिथं जाऊन कशाला वेंधळ्यासारखं उभं राहायचं, अशी धास्ती आपल्यातल्या अनेकींना असते. ती आपण मुलाच्या नावावर खपवतो आणि नकळत त्यालाही देऊन टाकतो. मोठं झाल्यावर तेही म्हणतं, "आपल्याला नाही बुवा त्यातलं काही कळत."

खरंच कळत नाही का हो आपल्याला? दारात ठिपके मोजून रांगोळी काढताना कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी खुलेल, हे आपल्याला कोण सांगतं? पन्नास साड्यांच्या ढिगातून नेमकी एक बाजूला काढणारी नजर कुठल्या कॉलेजात शिकली? वारली चित्रकलेचंच बघा ना. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर, कॅनव्हासवर नेली, जगभर पोचवली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण त्याआधी पिढ्यान् पिढ्या लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिण्याचं काम सवाष्णींचंच होतं. कला आपल्या बोटांत आहे. मग ती भिंतीवर चौकटीत टांगली, की परकी कशी होते?

पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघितलंत, तर हे लगेच पटेल. तिथं नुसत्या तलवारी नि तोफा नाहीत. दिवे आहेत, अडकित्ते आहेत, पाय घासायच्या वज्र्या आहेत, कुंकवाचे करंडे आहेत, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. आपल्या पणज्यांनी रोज हाताळलेल्या वस्तू, आणि त्यांवर काय ती नक्षी! दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून हा संग्रह जमवला आणि बालपणीच गेलेल्या आपल्या राजाचं नाव त्याला दिलं. पुढे त्यांनी तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. एका मुलाच्या आठवणीत उभं राहिलेलं हे घर आहे. तिथं लहान मुलांनी जायचं नाही, तर कुणी जायचं?

आणि पुणं-मुंबईच गाठायला हवं असंही नाही. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या औंधला यमाईच्या दर्शनाला कितीतरी जण जातात. त्याच डोंगराच्या वाटेवर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेल्या कलावस्तूंसाठी हे संग्रहालय १९३८ मध्ये उभं राहिलं. राजा रविवर्मा यांची चित्रं तिथं आहेत आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं 'आई आणि मूल' हे शिल्पही आहे. आडगावात, देवीच्या पायथ्याशी! माझी साडेपाच वर्षांची भाची त्या शिल्पापुढं बराच वेळ उभी होती. मग मला म्हणाली, "मावशी, हिचा हात दुखत असेल ना? ती बाळाला खाली ठेवतच नाही." शिल्पकलेवरचं पुस्तक न वाचता ती पोर नेमक्या जागी पोचली होती. मी वर काही समजावून सांगितलं नाही. सांगण्यासारखं उरलंच नव्हतं.

तर मुलांना जरूर न्या. फक्त थोडी तयारी हवी. पहिलं म्हणजे, सगळं बघायचा हट्ट सोडा. तिकीट काढलंय म्हणून प्रत्येक दालन उरकायची गरज नाही. लहान मुलाला पाऊण तास पुष्कळ झाला. तीन-चार वस्तू निवडा, त्यातली एक तरी त्याला निवडू द्या. आधी खाऊ-पिऊ घाला, बाथरूम आटोपून घ्या. भुकेलं पोर रविवर्म्यापुढंही रडणारच.

दुसरं, परीक्षा घेऊ नका. "सांग बघू, हे कोण?" असं विचारलं की मूल चित्राकडं न बघता आपल्या तोंडाकडं बघतं. त्यापेक्षा "तुला काय दिसतंय?" विचारा. ते म्हणेल घोडा, म्हणेल मांजर. असू दे. पाटी नंतर वाचा.

तिसरं, हात लावण्याचं. "शिवू नको, ते काका ओरडतील" असं सांगून मुलाला भीती तेवढी कळते, कारण कळत नाही. जायच्या आधी घरीच एक प्रयोग करा. लख्ख घासलेल्या पितळी समईवर त्याला बोट टेकवू द्या आणि चार-सहा दिवसांनी तिथं उमटलेला डाग दाखवा. हाताच्या घामानं, तेलकटपणानं जुनी वस्तू कशी खराब होते, हे त्याला जन्मभर विसरता येणार नाही.

आणि हो, उघड्या मूर्ती दिसल्या की मुलाचा हात धरून ओढत पुढं नेऊ नका. ओढलंत, तर तो संबंध संग्रहालयातलं तेवढंच लक्षात ठेवील. "जुन्या काळी शरीरसुद्धा सुंदर म्हणून घडवायचे," एवढं साधं उत्तर पुरतं.

शेवटचं खास तुमच्यासाठी. वॉटर बॅग, पर्स आणि पोर थोडा वेळ बाबांकडे द्या आणि एखाद्या दालनात एकटीनं जाऊन या. आईला काहीतरी मनापासून आवडतं, हे मुलांनी बघायला हवं.

आता थोडं संग्रहालयं चालवणाऱ्यांशी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९ मध्ये मुलांसाठी वेगळं संग्रहालय सुरू झालं, हे फार चांगलं झालं. पण जिल्ह्याच्या, तालुक्याच्या ठिकाणी आम्ही एवढंही मागत नाही. आम्हाला हवाय बसायला एखादा बाक, प्यायला पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह, तान्ह्याला पाजायला आडोसा. मुलांच्या नजरेला येईल इतक्या उंचीवर, साध्या मराठीत लिहिलेली पाटी. आणि ओरडण्याआधी दोन शब्द सांगणारा पहारेकरी. यातलं काहीच फार खर्चाचं नाही. शाळांनाही विनंती, की सहलीत मुलांना रांगेत पळवत वहीत नावं उतरवून घ्यायला लावू नका. पाचच वस्तू दाखवा, पण त्यांच्यापुढं बसू द्या.

येत्या सुट्टीआधी आपल्या जिल्ह्यात कुठलं संग्रहालय आहे, ते कधी उघडं असतं, याची चौकशी करून ठेवा. अनेक ठिकाणी सोमवारी बंद असतं. आणि घरात कुणी म्हणालंच, "त्याला काय कळणार?" तर सांगा, "कळेल न कळेल, बघेल तर खरं. मीही बघणार आहे."