कच्चा डाग

दिवाळीच्या तोंडावर घरात चकलीचा वास सुटावा हे रीतीला धरूनच आहे. पण गेल्या वर्षी शहाद्याशेजारच्या लोणखेड्याला बहिणीच्या घरी पाऊल टाकले, तो राळेचा धूर नाकात शिरला. माजघरात भाचा सोल्डरिंग आयर्न हातात धरून, परीक्षेत नापास झाल्यासारखा चेहरा करून बसला होता.

झाले होते ते असे. त्याच्या आजीला अलीकडे ऐकू कमी येते. मोबाइलमधले अभंग तिच्या कानापर्यंत पोचत नाहीत. नरकचतुर्दशीच्या पहाटे ते तिला मोठ्याने ऐकवायचे, म्हणून चिरंजिवांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ॲम्प्लिफायरचा सुटा संच मागवला, स्वतःच्या हाताने जोडला आणि घरातल्या बंद पडलेल्या रेडिओच्या लाकडी पेटीतला 8 ओहमचा स्पीकर त्याला लावला. कळ दाबली, तर आतून नुसती गुरगुर! गाणे कुठेतरी विहिरीच्या तळाशी चालल्यासारखे.

"आयसी जळली, मामा. मला हे जमणारच नाही," तो म्हणाला. बाबांनी आदल्याच रात्री ऐकवले होते की, तयार पेटी बाजारात स्वस्तात मिळते. खरेच आहे ते. पण 'मला जमणार नाही' हे वाक्य एकदा मुलाच्या मनात बसले, की ते बाजारातल्या कोणत्याही वस्तूने निघत नाही.

आम्ही म्हटले, "आवाजाची कळ फिरव पाहू." कळ वाढवली की गुरगुर वाढे, कमी केली की कमी होई. वाचकहो, यातच अर्धा निकाल लागला होता! गुरगुर मोठी होते, म्हणजे कोणीतरी ती मोठी करीत आहे. आयसी जिवंत होती.

त्या संचातली एलएम 386 ही आठ पायांची आयसी म्हणजे नवशिक्यांची जुनी सोबतीण. 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालते; ताकद अर्ध्या वॉटच्या आसपास, पण चांगल्या पेटीतल्या स्पीकरला तेवढी पुरते. तिची नाडी पाहणेही सोपे. मल्टिमीटरची काळी तार चौथ्या पायाला लावावी. सहाव्या पायावर बॅटरीचे पुरे 9 व्होल्ट दिसावेत आणि पाचव्यावर, म्हणजे आवाज बाहेर पडतो त्या पायावर, त्याच्या निम्मे, सुमारे 4.5. भाच्याने मोजले, दोन्ही बरोबर निघाले. त्याचा चेहरा थोडा उजळला.

मग बॅटरी काढून भिंगातून एकेक डाग पाहिला. पायांमधले अंतर अवघे अडीच मिलिमीटर. दोन पायांना सांधणारा कथलाचा पूल नव्हता. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची पट्टी असलेली बाजू ऋण, ती ऋणाकडेच होती. आयसीवरची खाच नकाशाप्रमाणे होती. भाग सारे निर्दोष! राहिली ती आतबाहेर जाणाऱ्या तारांची तपासणी. मोबाइलच्या तारेतली अर्थची बाजू आणि बॅटरीचे ऋण टोक यांना मीटरची टोके लावली. मीटर मुका. तार किंचित हलवली, तो 'पीं' झाले. सोडली, पुन्हा मुका. चोर सापडला! मोबाइलची अर्थ यंत्राच्या अर्थला मिळालीच नव्हती, म्हणून तार हवेतल्या विजेची गुरगुर गोळा करीत होती.

पण नेमका हाच डाग कच्चा का राहिला? बाकीचे ठिपके चिमुकले. अर्थचा ठिपका मात्र पाटीवरच्या रुंद तांब्याला जोडलेला. आयर्नची उष्णता ते तांबे भराभर पिऊन टाकते. भाच्याने सगळीकडे मोजून दोन सेकंद दिले होते आणि कथील आयर्नच्या टोकावरच वितळवून खाली टपकवले होते. ते तारेवर मण्यासारखे बसले. तांब्याला धरलेच नाही.

हे आम्ही समजावून सांगत होतो, तेवढ्यात शेव गाळता गाळता आजी म्हणाली, "अरे, कल्हईवाला आधी भांडं तापवायचा. मग नवसागर, मग कथील. आगीवर कथील वितळवून भांड्यात ओतलं, तर कल्हई बसेल का?"

आमचे व्याख्यान तिथेच संपले. नवसागराचे काम इथे तारेच्या पोटातली राळ करते, एवढाच फरक. शिसे-कथलाची 60-40 मिश्रणाची तार 183 अंशांना मऊ होऊ लागते आणि 190 च्या आसपास पुरती पातळ होते. तांबे आणि तार दोन्ही तेवढी तापली, तरच कथील पसरते. पक्का डाग उताराच्या टेकडीसारखा पसरट आणि चकचकीत दिसतो, कच्चा गोळीसारखा फुगीर. थंड होईपर्यंत तार हलली, तरीही तो कच्चाच राहतो.

भाच्याने जुने कथील काढले, ठिपका पुसला, आयर्न तांबे आणि तार या दोहोंवर टेकवून चांगले पाच सेकंद धरले, मग कथील लावले. ते पाण्यासारखे पसरले.

घरोघरच्या हौशी मंडळींना दोनच सूचना. शिशाचे हात धुतल्याशिवाय फराळाला बसू नये आणि खिडकी उघडी ठेवावी. शिवाय ही सारी तपासणी बॅटरीवरच्या यंत्राची आहे. घरच्या विजेवर चालणारे यंत्र उघडायला जाणत्याला बोलवावे.

नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाऊन आजी पाटावर बसली. अभंग सुरू झाला. दोन कडवी तिने डोळे मिटून ऐकली आणि मग नातवाला म्हणाली, "जरा हळू कर रे, शेजारी उठतील."

भाच्याने कळ फिरवली. आवाज कमी झाला.