सहाचे दोन, दोनाचे चार... आणि कोयत्याचं काय?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. मराठीत लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. चुका पोटात घाला!

बारावीला 'कार्बनची साखळी वाढवा' असा प्रश्न आला की मी खूश. वुर्ट्झ : अल्किल हॅलाइड, सोडियम, ड्राय ईथर. ग्रिन्यार : मॅग्नेशियम आणि पुन्हा ड्राय ईथर, कारण पाण्याचा अंश लागला की रिएजंट खलास. सायनाइड : एक कार्बन जास्त. आल्डॉल : दोनाचे चार. पाठ करायचं, मार्क घ्यायचे, विसरायचं. हे कुणीतरी खरोखर टनांनी बनवतं, हे डोक्यातही आलं नव्हतं.

दिवाळीत मामाकडे चौसाळ्याला गेले होते. गाव सोलापूर-धुळे हायवेवरच. पहाटे आजीबरोबर रस्त्यावर उभी होते, तर ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर चाललेले. भांडीकुंडी, शेळ्या, झोपलेली पोरं. ऊसतोडीला निघालेली कुटुंबं. मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि आता पाच-सहा महिने फडात. नवरा-बायको दोघं मिळून म्हणे एक 'कोयता'! आजीने विचारलं, "तू केमिकलची ना गं? मग एवढ्या उसाचं करतात तरी काय?" मी म्हटलं, "साखर." आजी हसली. "तेवढं मलाबी कळतंय की!"

खरं सांगते, लाज वाटली. होस्टेलवर येऊन पुस्तक काढलं.

उसाच्या साखरेचा रेणू बारा कार्बनचा. त्याचे सहा-सहाचे दोन भाग होतात. मळीत यीस्ट घातलं की प्रत्येक सहातून दोन कार्बनचे इथेनॉलचे दोन रेणू मिळतात, उरलेले दोन कार्बन सीओटू होऊन हवेत. म्हणजे इथपर्यंत साखळी तुटतेच आहे. यापुढे दोन वाटा. इथेनॉल जाळलं, की एकेक कार्बन सुटा होऊन धुराड्यातून बाहेर. खेळ खलास. नाहीतर इथेनॉलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करायचं आणि अल्कलीत त्याचे दोन रेणू जोडायचे. हाच आपला आल्डॉल, १८७२ सालचा. त्यात हायड्रोजन घातला की फेस क्रीममधलं १,३-ब्युटिलीन ग्लायकॉल. त्यातलं पाणी काढलं की क्रोटोनाल्डिहाइड. त्याला दोन कार्बनचं कीटिन जोडलं की सहा कार्बनचं सॉर्बिक अ‍ॅसिड, ज्याचं मीठ आपल्या मेसच्या जॅमच्या बाटलीवर 'आयएनएस २०२' म्हणून छापलेलं असतं. सहाचे दोन झाले होते, ते पुन्हा सहा!

हे परदेशातलं नाही हं. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीत उसाच्या इथेनॉलपासून अशी रसायनं बनतात.

आता माझं मत. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं. आयातीचं तेल वाचतं, कारखान्याला हमखास गिऱ्हाईक मिळतं, हे मान्य. पण सगळं इथेनॉल जाळण्यातच शहाणपण आहे का? जाळलेल्याला इंधनाचा भाव, जोडलेल्याला औषध-कॉस्मेटिकच्या कच्च्या मालाचा. कुणी म्हणेल, पेट्रोलियमच्या प्रॉपिलीनपासून ब्युटेनॉल स्वस्त पडतं. बरोबर. शिवाय क्रोटोनाल्डिहाइड विषारी, डोळ्यांना झोंबणारं. पण मग इंजिनीअर कशाला आहेत? स्वस्त कॅटॅलिस्ट, सुरक्षित प्लँट, हे काम आपलंच ना? आपण मात्र फायनल इयरचं प्रोजेक्ट सिनियरच्या फाइलवरून कॉपी करतो.

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. कार्बनची साखळी कितीही वाढवा, तिची पहिली कडी कोयत्याने तुटते. माल महाग झाला म्हणून तोडणीचा दर आपोआप वाढत नाही. त्यासाठी दर वेळी संप, वाटाघाटी कराव्या लागतात. रिअ‍ॅक्शन लिहिताना आपण बाणावर उष्णता, दाब, कॅटॅलिस्ट लिहितो. घाम लिहायला जागाच नसते.

म्हणून सरांना एक विनंती. आल्डॉल शिकवताना एकदा उसापासून सुरुवात करा. आणि इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो, की प्लँटबरोबर गेटबाहेरच्या कोप्याही बघू या.

पुढच्या दिवाळीत आजीला उत्तर द्यायचंय. 'साखर' सोडून.