पाटाचं दार आणि गळ्यातली ग्रंथी



"मला थायरॉईड आहे" हे वाक्य हल्ली लग्नकार्यात, भिशीत, देवळाच्या पायरीवर, सगळीकडे ऐकू येतं. मी जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे वाक्य अर्धवट असलं की कान टवकारतात. अहो, थायरॉईड सगळ्यांनाच असतो! गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी बसलेली ती ग्रंथी आहे. शुद्ध मराठीत अवटू ग्रंथी. "मला गुडघा आहे" असं आपण म्हणतो का? ग्रंथी जास्त काम करते की कमी, ते सांगायला नको का?

तुम्ही म्हणाल, बाई, निवृत्त झालात तरी लाल पेन सुटलं नाही :) पण हा व्याकरणाचा हट्ट नाही. या अर्धवट वाक्यापायी लोक एकमेकांच्या गोळ्या घेतात. शेजारणीला गोळीने बरं वाटलं, म्हणून आपणही सुरू करायची. तिची ग्रंथी मंद असते आणि हिची आधीच धावत असते. म्हणून आधी आतला कारभार समजून घेऊ. मी काही डॉक्टर नाही, पण समजलं ते सोपं करून सांगायची सवय आहे.

आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) पाटाचं पाणी कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, तेव्हापासून प्रवरेच्या काठाला आवर्तन हा शब्द तोंडपाठ आहे. सात नंबरचा अर्ज भरायचा, कचेरीतून हुकूम निघायचा, पाटकऱ्याने दार उचलायचं, मग चारीला पाणी.

गळ्यातही हेच चालतं. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे, ती आपली कचेरी. ती रक्तातून टीएसएच नावाची चिठ्ठी पाठवते. थायरॉईडच्या प्रत्येक पेशीच्या दारावर ही चिठ्ठी घेणारा पाटकरी बसलेला असतो. त्याला म्हणतात रिसेप्टर, म्हणजे ग्राही. हा पेशीच्या भिंतीतून सात वेळा आरपार विणलेला असतो. त्याचं मोठं डोकं बाहेर आणि शेपटी आत. चिठ्ठी बाहेर पोचली की तो आत इशारा देतो. मग पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेते, संप्रेरक बनवते आणि सोडते. शरीराला पुरेसं मिळालं की कचेरी चिठ्ठ्या कमी करते. किती सुंदर हिशेब आहे!

आता रिपोर्ट वाचा. टीएसएच वाढलेला दिसला की लोक म्हणतात "थायरॉईड वाढला". बहुतेक वेळा उलटं असतं. शेत कोरडं आहे म्हणून कचेरी चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पाठवते आहे. म्हणजे ग्रंथी कमी पडते आहे. आयोडीनच मिळालं नाही तरी तेच. पाटकरी चिठ्ठ्या घेत राहतो, पेशींना वाढायला सांगत राहतो, आणि गळा सुजून गलगंड होतो. आयोडीनच्या मिठाचा एवढा आग्रह त्यासाठीच.

दुसरा प्रकार फसवणुकीचा. ग्रेव्हज नावाच्या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती अशी प्रतिपिंडं तयार करते की रिसेप्टरला ती खरी चिठ्ठीच वाटते. कचेरीने हुकूम केव्हाच थांबवला, टीएसएच तळाला गेला, पण बनावट चिठ्ठीवर दार उघडंच! छातीत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं. रुग्णांच्या रक्तात असं काही तरी फिरतं हे न्यूझीलंडच्या अ‍ॅडम्स आणि पर्व्हिस यांनी १९५६ मध्ये दाखवलं. रिसेप्टरच्या जनुकाचा छडा लागला १९८९ मध्ये. आपल्याकडे मुंबईत परळला १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. तिथे किरणोत्सारी आयोडीन देऊन अशा ग्रंथीला शांत करतात.

आता माझं खरं म्हणणं. हे सगळं वाचून ज्यांनी शहाणं व्हावं असं मला वाटतं, ते रुग्ण नाहीत, सासरची माणसं आहेत. लग्न ठरताना मुलीची गोळी लपवली जाते. "सांगू नका, स्थळ मोडेल." मग ती पोर सासरी पर्समध्ये गोळ्या लपवून ठेवते. ही गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यायची, त्यानंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. सगळ्यांच्या देखत हे कसं जमायचं? गोळ्या चुकतात. आणि नेमके दिवस राहिले की खरा घोटाळा. पहिले साधारण तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर चालते. त्या दिवसांत गरोदरपणाचं एक संप्रेरकही त्याच रिसेप्टरवर बसून थोडी मदत करतं. ते टीएसएचचं भावंडच म्हणा ना. पण ग्रंथीच दुबळी असेल तर नुसत्या हुकुमाने पाणी कुठून येणार? तेव्हा डॉक्टर गोळीची मात्रा बहुधा वाढवतात. लपवलेली गोळी वाढवणार कशी?

चष्मा लागलेली मुलगी आपण आता नाकारत नाही. मग रोजच्या एका स्वस्त गोळीने जिचं सगळं सुरळीत चालतं, तिला चोरासारखं का वागवायचं? मुलाकडच्यांनीच आधी म्हणावं, "गोळी असेल तर सांगा, काही बिघडत नाही."

आणि घरात बाळ जन्मलं की त्याच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबाची टीएसएच तपासणी झाली का, हे आजी-आजोबांनी विचारावं. दोष जन्मतः असला आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं, तर मूल इतरांसारखंच वाढतं. उशीर झाला तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही. वर्गात मागच्या बाकावर बसवून "मठ्ठ" म्हणून त्यावर इलाज होत नसतो, हे शिक्षिका म्हणून सांगते.

असो. पुढच्या वेळी कुणी "मला थायरॉईड आहे" म्हणालं, तर "कमी की जास्त?" एवढं विचारा. आणि उत्तर देणारी सून असेल, तर तिच्या गोळीच्या वेळी चहा अर्धा तास उशिरा टाका.