विस्मृतीचे ओझे कोणी उचलायचे?

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, घरातील वृद्ध ताटावरून उठताच पुन्हा जेवण मागू लागले, सांजवेळी दार उघडून माहेरच्या वाटेला लागले, अथवा पोटच्या मुलाला 'तू कोणाचा रे?' असे विचारू लागले, तरी त्यांस डॉक्टरकडे न्यावे असे कोणाच्या मनात येत नाही. म्हातारचळ म्हटले की विषय संपतो. वास्तविक अशा लक्षणांमागे मेंदूचा विकार असतो, हे आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ सालीच दाखवून दिले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. आणि हे प्रमाण स्त्रियांत, निरक्षरांत व खेड्यांत अधिक आहे.

ही तिन्ही विशेषणे ज्यांना एकाच वेळी लागू पडतात, अशा वृद्धा शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यात गावोगावी आढळतील. ज्या 'लातूर पॅटर्न'चा आपण अभिमान बाळगतो, त्याने मुलांना डॉक्टर-इंजिनियर केले हे खरे. परंतु त्याच शिक्षणाने त्यांना पुण्या-मुंबईला नेले. मागे राहिले ते आईबाप, जमीन आणि शेती पाहणारा एखादा भाऊ.

अशा घरांत जो तोडगा हमखास निघतो तो पाळीचा. तीन महिने थोरल्याकडे, तीन धाकट्याकडे, दिवाळीनंतर पुण्यास. भावांभावांत न्याय होतो. रुग्णावर मात्र अन्याय होतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला नवे काही शिकता येत नाही. त्याचा उरलासुरला आधार म्हणजे ओळखीचा उंबरठा, हाताला सवयीचा तांब्या, ओसरीवरून दिसणारे कडुनिंबाचे झाड. चौथ्या मजल्यावरील सदनिकेत त्याला न्हाणीघर सापडत नाही, रात्री तो भेदरून उठतो, आणि मग 'आईने फार त्रास दिला' अशी तक्रार होते. पाळी लावावयाचीच असेल तर ती आईला नव्हे, मुलांना लावावी. आई आपल्या घरी राहील; येतील जातील ते मुलगे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी शुश्रूषेचा खर्च उचलावा.

या शुश्रूषेला आपण अजून काम मानलेले नाही. दिवसरात्र डोळ्यात तेल घालून जी सून सासूला सांभाळते, तिच्या झोपेचा व बुडालेल्या रोजगाराचा हिशेब कोणत्याही वाटणीपत्रात येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो व त्याची मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. पण कायद्याने पैसा मिळेल, माणूस मिळणार नाही. श्रावणबाळ योजनेतील दरमहा १,५०० रुपयांत तर आठवडाभराचीही मदतनीस मिळणे कठीण. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून मिळालेले पाच लाखांचे विमासंरक्षण रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. आणि हा आजार तर वर्षानुवर्षे घरातच काढावयाचा असतो.

वृद्धाश्रम हा उपाय सुचविणारे या टोकाच्या खेड्यांचा विचार करीत नाहीत. याउलट केरळने गावातील स्वयंसेवक व फिरत्या परिचारिका यांच्या बळावर असाध्य रुग्णांची घरपोच शुश्रूषा उभी केली आणि २००८ साली तिला राज्याच्या धोरणाचे रूप दिले. आपल्याकडेही सांगाडा आहे. २०१० पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी आणि अंथरुणास खिळलेल्यांना गृहभेट अभिप्रेत आहे. आशाताई जो तपासणी-तक्ता घेऊन घरोघर जातात, त्यात साठीपुढील व्यक्तीला जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता काय, असा प्रश्नही छापलेला आहे.

प्रश्न चांगला आहे. उत्तर 'हो' आले तर त्या घरी कोण जाणार, हे तक्त्यात नाही. निदान तालुक्याच्या डॉक्टरांना निरक्षर माणसाची स्मृती तपासण्याची रीत शिकविता येईल. इंग्रजी तारीख जिने कधी वापरली नाही, त्या आजीला तारीख विचारून काय कळणार? बाजाराचा दिवस विचारावा, एकादशी कधी ते विचारावे. आणि आठवड्यातून दोन दुपारी गावातील समाजमंदिरात चार वृद्धांना सांभाळण्याची सोय ग्रामपंचायतीने केली, तर त्या सुनेला तेवढ्या दोन दुपारी तरी डोळा लावता येईल.