गाळा भाड्याचा, नाव मात्र आपले

पेठेत दुकान मांडणारा माणूस गाळ्याच्या मालकाची चौकशी केल्याशिवाय अनामत देत नाही. गाळ्यावर कर्ज आहे का, वीजबिल थकले आहे का, हे तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून घेतो. वेबसाइटसाठी जागा घेताना मात्र आपले व्यापारी आणि कारागीर बांधव फक्त भाव विचारतात. 'पाच वर्षांचे एकदम भरा, सवलत मिळेल' असे कंपनीने म्हटले की पैसे मोकळे करतात. आमच्या मते ही सवलत नसून कंपनीला दिलेले बिनतारण कर्ज आहे.

दिवाळे इंटरनेट कंपन्यांचेही निघते. नेट फोर इंडिया या आपल्याच देशातील जुन्या कंपनीचे उदाहरण घ्या. वेबसाइटची नावे नोंदवणे आणि वेबसाइटला जागा देणे, हे दोन्ही धंदे ती करत असे. कर्ज थकले आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात तिच्यावर नादारीची कारवाई सुरू झाली. पुढे अनेक ग्राहकांना नावाचे नूतनीकरण करता येईना, नाव दुसरीकडे नेता येईना, तक्रारीला उत्तर मिळेना. अखेर नावांच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या आयकॅन या जागतिक संस्थेने २०२१ मध्ये हस्तक्षेप करून नावे दुसऱ्या कंपनीकडे सोपवली. सुमारे ७३ हजार नावांचा हा प्रश्न होता.

नावे वाचली, म्हणून निश्चिंत होऊ नये. नोंदणी कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदींची प्रत तिऱ्हाइताकडे ठेवावी लागते. अमेरिकेतील रजिस्टरफ्लाय ही कंपनी २००७ मध्ये कोसळल्यावर या नियमाची अंमलबजावणी सुरू झाली. पण त्या प्रतीत तुमच्या मालाचे फोटो, भावपत्रक किंवा गिऱ्हाइकांचे ईमेल नसतात. ते सांभाळणे सर्वस्वी तुमच्याच हाती आहे. शिवाय आयकॅनचे नियम डॉट कॉमसारख्या नावांना लागू होतात; डॉट इन नावांचा कारभार निक्सी ही भारतीय संस्था पाहते.

कोर्टात जाऊ म्हणाल, तर तेही सोपे नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार कारवाई सुरू झाली की कंपनीविरुद्धचे दावे थांबतात. आगाऊ भरलेल्या पैशांसाठी, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत लेखी मागणी नोंदवावी लागते. त्या रांगेत तारण असलेली बँक पुढे आणि आपला छोटा दुकानदार बराच मागे असतो.

तेव्हा उपाय आधीच करावेत. नाव एका कंपनीकडे नोंदवावे, वेबसाइटची जागा दुसरीकडे घ्यावी. नावाची नोंद स्वतःच्या किंवा पेढीच्या नावाने आहे, वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नावाने नाही, याची खात्री करावी. नोंदणीत दिलेला ईमेल त्याच वेबसाइटच्या नावावरचा नसावा. वेबसाइट बंद पडली की तो ईमेलही बंद पडतो आणि नाव हलवण्याचा परवलीचा कोड मिळायचा मार्गच खुंटतो. महिन्यातून एकदा सगळ्या वेबसाइटची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. जागेचे भाडे वर्षापुरतेच भरावे.

फोन उचलला जात नाही, वेबसाइट वरचेवर बंद पडते आणि त्याच वेळी लांब मुदतीच्या सवलतींचा मारा सुरू होतो, अशी लक्षणे दिसली तर वाट पाहू नये. परवलीचा कोड मागवावा. आयकॅनच्या नियमाप्रमाणे डॉट कॉमसारख्या नावांसाठी तो ५ दिवसांत मिळायला हवा. नाही मिळाला तर लगेच आयकॅनकडे तक्रार करावी. नावाची मुदत संपल्यानंतर धावपळ केली, तर तेच नाव दुसराच कोणी उचलण्याचा धोका असतो.

गाळा बदलता येतो, नवा बोर्डही रंगवता येतो. पण ज्या नावावर परगावचे गिऱ्हाईक डोळे मिटून ऑर्डर पाठवते, ते कमवायला वर्षे लागतात. त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवू नका.