दूरचित्रवाणीची घरपट्टी

घरात दूरचित्रवाणी संच ठेवल्याबद्दल गृहस्थाने दरवर्षी शुल्क भरावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडील तरुण वाचकाला चमत्कारिक वाटेल. ब्रिटनमध्ये मात्र तो मोठ्या राजकीय वादाचा विषय झाला आहे. बीबीसीची विद्यमान राजसनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. पुढील सनद कोणत्या अटींवर द्यावी आणि या संस्थेचा योगक्षेम कोणाच्या पैशावर चालावा, याविषयी तेथील सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये चर्चापत्र प्रसृत केले. त्याच्या महिनाभर आधीच अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या भाषणाची कापाकापी करून ते दाखविल्याचे प्रकरण अंगाशी आले आणि बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही व वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस या दोघांना पदत्याग करावा लागला. बीबीसीच्या भारतविषयक वार्तांकनाबद्दल आपल्याकडे नाराजी आहे आणि ती अकारण नाही. तथापि, एखाद्या संस्थेचा राग आला म्हणून तिच्या अर्थकारणाचा निवाडाही रागाच्या भरात करणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय हा प्रश्न केवळ बीबीसीचा नाही. लोकांसाठी चालणाऱ्या प्रसारणाचा खर्च कोणी सोसावा, हे कोडे आपणही अद्याप सोडविलेले नाही.

ब्रिटनमधील व्यवस्था अशी आहे : कोणत्याही वाहिनीचे थेट प्रक्षेपण पाहावयाचे असेल, तर घराला परवाना हवा. पाहणारा केवळ खासगी वाहिन्या पाहतो आणि बीबीसीकडे ढुंकूनही बघत नाही, हे कारण ऐकून घेतले जात नाही. सप्टेंबर २०१६ पासून बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवरून मागाहून पाहण्यासाठीही परवाना लागू लागला. एप्रिल २०२५ मध्ये हे शुल्क वर्षाला १७४.५० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस हजार रुपयांच्या आसपास झाले. २०२४-२५ या वर्षात त्यातून सुमारे ३८० कोटी पौंड जमा झाले. कृष्णधवल संचासाठी तेथे आजही वेगळा, स्वस्त परवाना मिळतो आणि अंध व्यक्तीला दूरचित्रवाणी ‘पाहण्या’साठी निम्मे शुल्क पडते. कायदा लिहिणाऱ्यांच्या बुद्धीला दाद द्यावी, असे हे तपशील आहेत.

हे शुल्क चुकविणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे आणि आमचा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. वीज-बिल थकले तर पुरवठा तुटतो, वर्तमानपत्राचे पैसे दिले नाहीत तर दारात अंक पडत नाही. पण कोणी कोर्टात आरोपी म्हणून उभा राहत नाही. परवान्याविना दूरचित्रवाणी पाहणाऱ्याला मात्र एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो दंड भरला नाही, तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकते. असे खटले एकच न्यायदंडाधिकारी बंद खोलीत, कागदपत्रे पाहून निकालात काढतो. बहुसंख्य आरोपी हजरही नसतात. या खटल्यांत दोषी ठरणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण कित्येक वर्षे ७० टक्क्यांहून अधिक राहिले आहे. स्त्रिया अधिक लबाड असतात, असा त्याचा अर्थ नाही. तपासनीस दार ठोठावतो, तेव्हा घरी बहुधा तीच असते आणि दारही तीच उघडते. एकटीने मुले वाढविणारी, तुटपुंज्या प्राप्तीत घर चालविणारी स्त्री अशा रीतीने गुन्हेगार ठरते. आणि लंडनच्या श्रीमंत वस्तीतील उमराव तेवढीच रक्कम भरून मोकळा होतो.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला करनीती समजावून सांगतात. भुंगा झाडाला इजा न करता मध घेतो, त्याप्रमाणे राजाने राष्ट्राकडून कर घ्यावा, असा तो उपदेश आहे. घेणाऱ्याने देणाऱ्याची शक्ती पाहावी, हे त्यातील मर्म. सगळ्या घरांवर सारखीच रक्कम लादणारा कर या कसोटीला उतरत नाही. मग त्याला कर म्हणा, शुल्क म्हणा की परवाना.

असे असूनही या शुल्काचे समर्थक काही वेडगळ नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा की, पैसा सरकारच्या तिजोरीतून आला तर प्रसारक सरकारचा मिंधा होतो, जाहिरातींतून आला तर व्यापाऱ्याचा. थेट घराघरांतून आला, तर तो फक्त श्रोत्यांना आणि प्रेक्षकांना बांधील राहतो. नोव्हेंबर १९२२ मध्ये दहा शिलिंगांचा पहिला रेडिओ परवाना निघाला आणि जून १९४६ मध्ये दोन पौंडांचा दूरचित्रवाणी परवाना, त्यामागे हीच धारणा होती. हा युक्तिवाद आम्हाला मोलाचा वाटतो. मात्र व्यवहारात काय घडले? शुल्काचा दर ठरविण्याचा अधिकार अखेर सरकारकडेच राहिला. २०१० मध्ये सरकारने दर गोठविला. २०२२ मध्ये तो आणखी दोन वर्षांसाठी गोठविला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २००० सालापासून सरकारच्या खर्चाने मोफत परवाना मिळत असे. २०१५ मध्ये सरकारने तो भार बीबीसीच्या माथी मारला आणि ऑगस्ट २०२० पासून ही सवलत केवळ अल्प उत्पन्न गटातील वृद्धांपुरती उरली. नाराजी बीबीसीच्या वाट्याला आली, बचत सरकारच्या. पैसा लोकांच्या घरातून येतो, पण त्याचा नळ मंत्र्याच्या हाती असतो. मग ते स्वातंत्र्य कितपत खरे?

या बाबतीत जर्मनीने अधिक विचार केलेला दिसतो. नाझी राजवटीत रेडिओ हे प्रचाराचे हत्यार बनल्याचा अनुभव गाठीशी असल्याने तेथे प्रसारण सरकारपासून कटाक्षाने दूर ठेवले गेले. २०१३ पासून संच असो वा नसो, प्रत्येक घराकडून अंशदान घेतले जाते. किती रक्कम लागेल, याचा अंदाज एक स्वतंत्र आयोग बांधतो. एका राज्याने वाढ अडविली, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील घटना न्यायालयाने ती अडवणूक प्रसारणाच्या स्वातंत्र्यावर घाला घालणारी ठरविली व दर महिना १८.३६ युरो केला. फ्रान्सने उलट २०२२ मध्ये १३८ युरोंचे वार्षिक शुल्क रद्द केले आणि मूल्यवर्धित कराचा एक हिस्सा प्रसारकांना दिला.

आता आपल्या घरात डोकावू. भारतात या शुल्काचा जन्म मुंबईतच झाला. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. रेडिओ बाळगणाऱ्याने वर्षाला दहा रुपये भरावयाचे, त्यातील आठ कंपनीला मिळावयाचे, असा करार होता. परवाने काही हजारांपुढे सरकेनात. परवान्याविना ऐकणारेही पुष्कळ होते. मार्च १९३० मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला आणि सरकारने केंद्रे ताब्यात घेतली. त्यानंतर १९३३ चा कायदा करून विनापरवाना रेडिओ जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरविण्यात आला. परक्या राज्यकर्त्यांना प्रजेच्या घरातील यंत्रावर नजर ठेवण्याची सोयही त्यातून झाली, हे वेगळे सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा तसाच राहिला. आज साठीत असलेल्या वाचकांना टपाल कचेरीतील परवान्याची पुस्तिका आणि नूतनीकरणाची रांग आठवत असेल. पुढे रेडिओसाठी १५ आणि दूरचित्रवाणीसाठी ५० रुपये असे दर रूढ झाले. मात्र हा पैसा सरकारी तिजोरीत जात असे आणि आकाशवाणी व दूरदर्शन ही सरकारचीच खाती होती. परिणामी आणीबाणीत भारतीय नागरिकाने आपल्या खिशातून परवाना शुल्क भरून त्याच सरकारची आरती ऐकली, ज्याने त्याचे मूलभूत अधिकार काढून घेतले होते. किशोरकुमार यांनी सरकारच्या मर्जीप्रमाणे वागण्यास नकार दिला, तेव्हा १९७६ मध्ये त्यांची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाशजींची सभा होती, त्या संध्याकाळी लोकांनी घरी बसावे म्हणून दूरदर्शनवर ‘बॉबी’ चित्रपट दाखविण्यात आला. लोक सभेलाच गेले, ही गोष्ट निराळी! सांगण्याचा मुद्दा एवढाच की, घरोघर शुल्क घेतले म्हणजे प्रसारण आपोआप लोकांचे होत नाही. जमा झालेला पैसा कोणाच्या हाती जातो, याला महत्त्व आहे.

१९८० च्या दशकाच्या मध्यास हे परवाने रद्द झाले आणि त्याबद्दल कोणी अश्रू ढाळले नाहीत. ढाळावयास नकोतच. त्यांची जागा जाहिरातींनी घेतली होती. जाहिरातीच्या पैशाला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. १९८७-८८ मध्ये सारा देश रविवारी सकाळी ज्या ‘रामायणा’समोर हात जोडून बसला, ते प्रायोजकांच्याच बळावर उभे राहिले होते. पण सर्वच कार्यक्रमांना प्रायोजक भेटत नाहीत. मुंबई दूरदर्शनवरील ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्याला बी-बियाणे, कीड, हवामान यांची माहिती देत असे. ‘ज्ञानदीप’मधून गावोगावी मंडळे निर्माण झाली. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधून मराठी साहित्यिक घराघरांत पोहोचले. बाजाराच्या तराजूत या गोष्टींचे वजन भरत नाही. शेकडो खासगी वाहिन्यांच्या गर्दीत असे कार्यक्रम किती उरले, हे वाचकांनीच सायंकाळी दूरनियंत्रक हाती घेऊन मोजावे. बोलीभाषा, शास्त्रीय संगीत, बालरंजन, दुर्गम भागातील वार्ता हे सारे समाजाला हवे असते, पण जाहिरातदाराला नको असते. त्याचा खर्च समाजानेच उचलावा लागतो.

तो आपण कसा उचलतो? १९९० मध्ये संसदेने प्रसारभारती कायदा केला आणि तो १९९७ मध्ये अमलात आला. त्यातील १७ वे कलम जिज्ञासूंनी अवश्य वाचावे. केंद्र सरकार दरवर्षी प्रसारभारतीला दोन प्रकारे पैसे देऊ शकेल, असे त्यात म्हटले आहे. पहिला प्रकार म्हणजे वसुलीचा खर्च वजा जाता उरलेले परवाना शुल्क, ‘काही असल्यास’. दुसरा म्हणजे सरकारला आवश्यक वाटेल तेवढी अन्य रक्कम. परवाने रद्द होऊन काही वर्षे लोटल्यावर लिहिलेल्या कायद्यात पहिला प्रकार हा निव्वळ शोभेचा आहे. राहिला दुसरा. प्रसारभारतीच्या कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा फार मोठा भाग सरकारी अनुदानातून भागतो. यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणासाठी जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ती स्वागतार्हच होती. तथापि ‘सरकारला आवश्यक वाटेल तेवढी’ या शब्दांवर स्वायत्ततेची इमारत उभी राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, सरकार चांगल्या हातांत असताना ही चिंता कशाला? आमचे म्हणणे असे की, कायदा चांगल्या हातांसाठी करावयाचा नसतो. ज्या तरतुदीच्या बळावर आजचे सरकार उदारपणे देते, तिच्याच बळावर उद्याचे सरकार हात आखडता घेईल किंवा देण्याच्या बदल्यात काही मागेल. आणीबाणीचा अनुभव घेतलेल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

घरोघरी शुल्काची पावती फाडणे हा यावरील उपाय मुळीच नव्हे. भारतीय कुटुंब दूरचित्रवाणीसाठी आधीच पैसे मोजते. केबल वा डीटीएच जोडणीसाठी २०१९ मध्ये मासिक १३० रुपये अधिक वस्तू व सेवा कर अशी मूळ आकारणी ठरविण्यात आली. वाहिन्यांचे दर वेगळे. ज्यांना हेही परवडत नाही, अशी कोट्यवधी घरे २००४ च्या अखेरीस सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवर आहेत. त्यांच्या दारी परवान्याचा तपासनीस पाठविणे हा अन्याय होईल, शिवाय वसुलीपेक्षा खर्च अधिक व्हावयाचा.

पैसा अन्यत्र उपलब्ध आहे. डीटीएच कंपन्यांकडून सरकार परवाना शुल्क घेते. डिसेंबर २०२० मध्ये ते समायोजित महसुलाच्या ८ टक्के ठरविण्यात आले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. या मालमत्तेच्या वापरापोटी व्यापाऱ्याने भरलेली रक्कम सर्वसाधारण तिजोरीत लुप्त होण्याऐवजी तिचा निश्चित हिस्सा कायद्याने लोकप्रसारणासाठी राखून ठेवता येईल. हे शुल्क घटविण्याची मागणी उद्योगाकडून होत असते, त्यामुळे केवळ त्यावर विसंबता येणार नाही. जे कमी पडेल ते संसदेने एका वर्षासाठी नव्हे, तर पाच वर्षांसाठी एकदम मंजूर करावे आणि किती कमी पडते, हे माहिती व प्रसारण मंत्रालयाने न ठरविता वित्त आयोगासारख्या स्वतंत्र आयोगाने ठरवावे. त्या पैशातून राजधानीतील वृत्तकक्षाच्या झगमगाटाआधी सह्याद्री वाहिनी आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील आकाशवाणी केंद्रांना त्यांचा वाटा मिळावा, एवढी अट त्यात असावी.

यासाठी नवा, जाडजूड कायदा करण्याचेही कारण नाही. १७ व्या कलमातील ‘काही असल्यास’ हे परवाना शुल्काविषयीचे शब्द गाळून त्या जागी हा निश्चित हिस्सा घालावा आणि ‘देऊ शकेल’ याऐवजी ‘देईल’ असे लिहावे. महाराष्ट्रातील खासदारांपैकी कोणीही खासगी विधेयकाद्वारे ही दुरुस्ती लोकसभेच्या पटलावर ठेवू शकतो.