घरे मोजली, पण माणसाचे काय?

किल्लारी भागातील पुनर्वसित गावातल्या एक बाई गुडघेदुखीसाठी माझ्याकडे येत. कसे आहे विचारले की ठरलेले उत्तर, "बरं हाय की." एकदा सहज विचारले, "घरी भाकरी कोण करतं?" सोबतची सून म्हणाली, "मीच. माझं लगीन झाल्यापासून आत्याबाई चुलीपाशी बसल्याच न्हाईत. भूकंपात लेक गेली तवापासनं असंच हाय म्हणत्यात." इतकी वर्षे मी गुडघेच तपासत बसलो होतो!

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना तो भूकंप झाला. पुढे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसविली. शेतीच्या मानाने 250, 450, 750 चौरस फुटांची घरे मिळाली. फुटाफुटाचा हिशेब कागदावर आहे. मनाची पाहणी झालीच नाही असे नाही. महिनाभरानंतर 42 जणांना तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांत मनोविकार आढळले. स्त्रियांत व घरदार गेलेल्यांत जास्त. हे 1996 मध्ये अमेरिकेतील मानसोपचाराच्या नियतकालिकात छापूनही आले.

पण आजाराचे नाव कळले म्हणजे माणूस कळला असे नव्हे. रात्री रडणारी एखादी दिवसभर खुरपायला जाते, आणि "बरं हाय" म्हणणारी घराबाहेर पडत नाही. म्हणून लक्षणे व रोजचा व्यवहार या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची 2010 ची 36 प्रश्नांची प्रश्नावली त्यासाठीच आहे. समजणे, हिंडणे-फिरणे, स्वतःची निगा, लोकांशी जमवून घेणे, कामधाम, चारचौघांत मिसळणे यांत गेल्या 30 दिवसांत किती अडचण आली, ते ती विचारते.

प्रश्नावली चांगली आहे. माझी तक्रार ती भरून घेणाऱ्यांबद्दल आहे. "शेतात जाता का?" "न्हाई." झाली खूण! अहो, मन लागत नाही म्हणून जात नाही, की नवे गाव शेतापासून लांब पडले म्हणून? पहिल्याला औषध लागेल, दुसऱ्याला एस.टी. शिवाय "उदास वाटते का?" या पुस्तकी प्रश्नाला आमच्याकडची म्हातारी मान हलवून नाहीच म्हणणार. तिला "जीव लागतो का?" असे विचारा, आणि सुनेलाही बाजूला घेऊन विचारा.

त्या बाईंना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले. परवा सून सांगत होती, आता पीठ मळून देतात. थापायला मात्र अजून बसत नाहीत.